खरं सांगितलं आणि दारं बंद झाली : ओमिक्रॉनचा आठवडा आणि सरकारांचा शब्द

महामारीसाठीचा नवा आंतरराष्ट्रीय करार, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना), लॉकडाऊन, लस, यातला कुठलाही विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, सरकारांनी जिनिव्हात बसून सह्या केल्या की आपलं स्वातंत्र्य गेलंच समजा, उद्या कुणी परका अधिकारी सांगणार घरात बसा, सुई टोचून घ्या. दुसरा गट म्हणतो, हे सगळं अफवा पसरवणाऱ्यांचं काम आहे, सरकारं आणि तज्ज्ञ बघून घेतील, तुम्ही शंका काढू नका. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. का वाटतात ते नुसत्या मतांनी समजावता येत नाही, म्हणून एकच प्रकरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. नोव्हेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा, दक्षिण आफ्रिका, आणि ओमिक्रॉन, म्हणजे कोविडच्या विषाणूचा तेव्हा नव्याने सापडलेला व्हेरियंट, बदललेला अवतार. हेच प्रकरण निवडलं कारण त्या सात-आठ दिवसांत सगळंच दिसलं: सरकारं शब्द कसा पाळतात, कसा मोडतात, मोडल्यावर काय होतं, आणि लोकांनी कशावर भरवसा ठेवावा.

आधी काय घडलं ते

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत कोविडच्या केसेस अगदी कमी झाल्या होत्या. मग ग्वाटेंग प्रांतात, म्हणजे जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया जिथे आहेत तिथे, आकडे वर जायला लागले. तिथल्या एका खासगी लॅबला पीसीआरच्या रिपोर्टमध्ये विचित्र गोष्ट दिसली. ही टेस्ट विषाणूच्या दोन-तीन वेगवेगळ्या भागांवर नेम धरते, आणि या नमुन्यांमध्ये स्पाइक प्रोटीनच्या जीनचा सिग्नलच येत नव्हता, बाकीचे येत होते. असं आधी अल्फा व्हेरियंटच्या वेळी व्हायचं, पण अल्फा तर केव्हाच मागे पडला होता, तेव्हा सगळीकडे डेल्टाच होता. म्हणून नमुने सिक्वेन्सिंगला, म्हणजे विषाणूचा सगळा जीनोम (जनुकीय मजकूर) वाचायला गेले. तिकडे शेजारच्या बोत्सवानामध्येही तशाच जीनोमवर लॅबवाल्यांची नजर पडली होती, आणि ते नमुने होते ७ नोव्हेंबरला देशात आलेल्या चार परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांचे, ११ तारखेला टेस्ट झालेले. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्पाइकमध्येच तीसपेक्षा जास्त बदल होते. असं काही त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. दोन्ही देशांनी सिक्वेन्स जीआयएसएआयडी या जगभरच्या डेटाबेसवर टाकले, म्हणजे कुठल्याही देशातल्या शास्त्रज्ञाला बघता येतील असे. २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने डब्ल्यूएचओला कळवलं, २५ ला आरोग्यमंत्री जो फाहला आणि शास्त्रज्ञ टुलिओ दे ऑलिव्हेरा यांनी पत्रकार परिषद घेतली, २६ ला डब्ल्यूएचओने त्याला 'चिंताजनक व्हेरियंट' ठरवून ओमिक्रॉन नाव दिलं. तोवर माहीत असलेला सगळ्यात जुना नमुना ९ नोव्हेंबरचा होता. नमुना घेतल्यापासून जगाला सांगेपर्यंत जेमतेम पंधरवडा. साथीच्या इतिहासात इतकी चटकन आणि इतकी उघडपणे दिलेली खबर फार कमी सापडेल.

आणि मग काय झालं? २५ च्या रात्रीच ब्रिटनने दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, नामिबिया, लेसोथो, एस्वातिनी आणि झिम्बाब्वे हे सहा देश रेड लिस्टमध्ये, म्हणजे प्रवासावर सगळ्यात कडक निर्बंध असलेल्या यादीत टाकले, दुसऱ्या दिवशी दुपारपासून विमानं बंद. २६ ला युरोपियन युनियनच्या देशांनी सात देशांवर बंदी घालायचं ठरवलं. अमेरिकेने २९ पासून आठ देशांवर घातली, त्यात मोझांबिक आणि मलावीही आले. यातल्या काही देशांत तेव्हा ओमिक्रॉनची एकही केस सापडलेली नव्हती, ते फक्त नकाशावर शेजारी होते. दक्षिण आफ्रिकेच्या परराष्ट्र खात्याने २७ ला निवेदन काढलं की ही बंदी म्हणजे आमच्या प्रगत जीनोम सिक्वेन्सिंगबद्दल आणि नवे व्हेरियंट लवकर पकडण्याच्या क्षमतेबद्दल आम्हाला दिलेली शिक्षाच आहे. अध्यक्ष सिरिल रामाफोसा २८ ला देशाशी बोलले आणि त्यांनी जी-२० ची आठवण करून दिली. जेमतेम महिनाभर आधी रोममध्ये याच देशांनी आंतरराष्ट्रीय प्रवास नीट, सुरक्षितपणे पुन्हा सुरू करायला मदत करू असं घोषणापत्रात लिहून दिलं होतं.

दक्षिण आफ्रिकेला असं काही होईल हे माहीत नव्हतं असंही नाही. १८ डिसेंबर २०२० ला त्यांनी बीटा व्हेरियंट जाहीर केला होता, तेव्हाही ब्रिटनने काही दिवसांत विमानं बंद केली होती. म्हणजे एकदा किंमत मोजलेला देश दुसऱ्यांदा तेच करत होता, आणि तरी त्यांनी २४ तारखेला कळवलं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

करारात काय लिहिलं होतं

आता कागदावर काय होतं ते बघू, कारण 'आंतरराष्ट्रीय करार' म्हटलं की आपण एकदम २०२५ च्या नव्या कराराबद्दल बोलायला लागतो आणि जो आधीपासून होता त्याबद्दल कुणी बोलतच नाही. इंटरनॅशनल हेल्थ रेग्युलेशन्स, आयएचआर, २००५ मध्ये मंजूर झाले, जून २००७ पासून लागू, १९६ देशांवर बंधनकारक. त्यांचा हा नवा अवतार आला तो सार्सच्या अनुभवातून. २००२-०३ मध्ये चीनने सार्सची माहिती दाबून ठेवली आणि तोवर तो दुसऱ्या देशांत पोचला. त्यामुळे जगाने एक सौदा केला, आणि खरंच तो सौदाच आहे: धोक्याची घटना दिसली की तिचा अंदाज घेऊन २४ तासांत कळवायचं, आणि बदल्यात इतर देश विनाकारण प्रवास आणि व्यापार अडवणार नाहीत.

सौद्याचा पहिला भाग कलम ६ मध्ये आहे, दुसरा मुख्यतः कलम ४३ मध्ये. ४३ काय सांगतं? देशाला जास्त कडक उपाय करता येतात, पूर्ण मुभा आहे, पण ते विज्ञानावर, उपलब्ध पुराव्यावर आणि डब्ल्यूएचओच्या सल्ल्यावर आधारलेले पाहिजेत, गरजेपेक्षा जास्त जाचक नकोत, आणि प्रवासात मोठा अडथळा आणणारं पाऊल उचललं तर ४८ तासांच्या आत डब्ल्यूएचओला कारणासकट कळवायचं. डब्ल्यूएचओ फार तर म्हणू शकते की फेरविचार करा. बस्स. दंड नाही, शिक्षा नाही, कोर्ट नाही. वाद झालाच तर आपसात बोला, मध्यस्थ घ्या, आणि लवाद हवा असेल तर दोघांचीही तयारी लागते.

तर डब्ल्यूएचओने त्या आठवड्यात घाईने प्रवासबंदी नको, धोका बघून पावलं टाका असं सांगितलं, आणि तरी डझनावारी सरकारांनी आपल्याला हवं तेच केलं. ज्यांना भीती आहे की डब्ल्यूएचओ सरकारांना हुकूम देते त्यांनी हा आठवडा तारीखवार बघावा. जगातल्या सगळ्यात ताकदवान सरकारांनी तिचा सल्ला एका रात्रीत बाजूला ठेवला आणि त्यांना कुणी जाबही विचारला नाही.

बंदी घालणाऱ्यांची बाजू

ही बाजूही नीट मांडायला पाहिजे, नाहीतर प्रकरण एकतर्फी होईल. त्या रात्री लंडन किंवा ब्रसेल्समध्ये बसलेल्या मंत्र्यापुढे काय होतं? तीसपेक्षा जास्त बदल झालेला विषाणू, लस त्याला थांबवेल की नाही ठाऊक नाही, आजार किती गंभीर तेही ठाऊक नाही, युरोपात डेल्टाची लाट चालूच, हिवाळा तोंडावर, हॉस्पिटलं भरत चाललेली. प्रवासबंदीने साथ थांबत नाही पण काही दिवस उशीर होऊ शकतो, आणि त्या दिवसांत बूस्टर डोस देता येतात. मार्च २०२० मध्ये उशीर केला म्हणून याच सरकारांना लोकांनी फैलावर घेतलं होतं. पहिल्या तीन-चार दिवसांपुरता हा युक्तिवाद मला पटतो. अंधारात निर्णय घेणाऱ्याला थोडी सूट द्यावीच लागते.

पण खरी परीक्षा पुढच्या दिवसांत होती, माहिती आल्यावर सरकार काय करतं याची. आणि माहिती फार पटकन आली. २६ नोव्हेंबरलाच बेल्जियममध्ये केस सापडली, ती इजिप्तहून तुर्कस्तानमार्गे आलेल्या व्यक्तीची, दक्षिण आफ्रिकेशी काही संबंध नाही. त्याच दिवशी जोहान्सबर्गहून दोन विमानं अॅमस्टरडॅमला उतरली, ६२४ प्रवासी, त्यात ६१ पॉझिटिव्ह, आणि पुढे सिक्वेन्सिंगमध्ये १४ जण ओमिक्रॉनचे निघाले, ही बातमी जगभर गाजली. पण ३० तारखेला नेदरलँड्सच्याच आरोग्यसंस्थेने सांगितलं की १९ आणि २३ नोव्हेंबरच्या आपल्या जुन्या नमुन्यांतही ओमिक्रॉन सापडलाय. म्हणजे ती विमानं उतरायच्या आधी, दक्षिण आफ्रिकेने जगाला सांगायच्याही आधी तो युरोपात होता. ब्रिटनमध्ये २७ ला केसेस निघाल्या. आणि बोत्सवानातले ते पहिले चार तर बाहेरून आलेले राजनैतिक अधिकारी होते हे वर सांगितलंच.

मग अमेरिकेने बेल्जियम, नेदरलँड्स, ब्रिटनवर बंदी घातली का? नाही घातली. यादीत आफ्रिकेतलेच आठ देश राहिले, आणि ती बंदी उठली ३१ डिसेंबरला. ब्रिटनने तर ६ डिसेंबरपासून नायजेरिया घालून यादी अकरावर नेली, आणि १५ डिसेंबरला सगळे देश काढले, कारण तोपर्यंत व्हेरियंट ब्रिटनमध्येच सगळीकडे पसरला होता आणि यादीला अर्थ उरला नव्हता हे त्यांच्याच आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. यूएनचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी १ डिसेंबरला प्रवासातला वर्णभेद अशा कडक शब्दांत याचं वर्णन केलं. शब्द जड आहेत, पण यादी समोर ठेवली की खोडून काढणं अवघड जातं. पुरावा बदलला आणि निर्णय बदलला नाही, तर तो निर्णय पुराव्यावर घेतला होता हे मी कसं मानू?

इतके आठवडे बंदी म्हणजे काय झालं ते कागदावर दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळा, पर्यटनाचा सीझन, दोन वर्षं झळ सोसलेल्या लोकांनी त्याच्यावर आशा लावलेली. ते बुकिंग गेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे सिक्वेन्सिंगला लागणारी रसायनं विमानाने येतात, ती अडकायची वेळ आली असं तिथले शास्त्रज्ञ सांगत होते. म्हणजे ज्या लॅबने जगाला सावध केलं तिचंच काम थांबायची भीती.

लस, आणि एक रद्द झालेली बैठक

त्या वेळी आफ्रिका खंडात पूर्ण लसीकरण झालेल्यांचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं आणि श्रीमंत देश तिसरा डोस देत होते. गरीब देशांपर्यंत लस पोचवणाऱ्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेने २०२१ संपेपर्यंत २०० कोटी डोस पोचवायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात १०० कोटीवा डोस जानेवारी २०२२ च्या मध्यावर गेला. याला कारणं बरीच होती, त्यात आपल्या देशाने डेल्टाच्या लाटेत लशीची निर्यात थांबवली हेही एक होतं, ते प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. आपली माणसं तडफडत असताना निर्यात थांबवणं समजण्यासारखंच होतं. पण कोव्हॅक्सची सगळ्यात मोठी भिस्त भारतातून येणाऱ्या लशीवर होती, आणि जे गरीब देश तिच्या भरवशावर बसले होते त्यांच्या दृष्टीने तो मोडलेला शब्दच. कुठलंही सरकार याला अपवाद नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या खेबेरा शहरात अॅस्पेन कंपनीच्या कारखान्यात जॉन्सन अँड जॉन्सनची लस बाटल्यांत भरली जात होती. ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर आलं की तिथले डोस युरोपात जातायत, देशात लशीची वाट बघणारे लोक असताना, आणि सरकारने करारात निर्यात अडवायचा हक्कच सोडून दिला होता. आरडाओरडा झाल्यावर ठरलं की पुढचे डोस आफ्रिकेतच राहतील.

आणि ओमिक्रॉनच्याच आठवड्यात, ३० नोव्हेंबरपासून, जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद होणार होती. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये मांडलेला प्रस्ताव, कोविडच्या लस-औषधांवरचे पेटंट हक्क तात्पुरते बाजूला ठेवायचा, तिथे चर्चेला येणार होता. प्रवासबंदीमुळे बैठकच पुढे गेली. निर्णय व्हायला जून २०२२ उजाडला आणि तोही फक्त लशींपुरता, मूळ मागणीच्या मानाने फार लहान. कुणी हे ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही, तसा पुरावा नाही. पण परिणाम तोच झाला.

त्याच सरकारचा घरातला चेहरा

आता इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं, आणि मला वाटतं वाद घालणारे नेमके इथेच घसरतात. आतापर्यंत वाचून वाटेल दक्षिण आफ्रिकेचं सरकार म्हणजे प्रामाणिकपणाचा पुतळा. तसं नाहीये.

त्याच सरकारने मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनबरोबर सिगारेट-तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत ठेवली. काळाबाजार फोफावला, आणि डिसेंबर २०२० मध्ये वेस्टर्न केपच्या हायकोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्याच सरकारच्या आरोग्य खात्याने कोविडच्या जनजागृतीसाठी डिजिटल व्हाइब्स नावाच्या कंपनीला जवळपास १५ कोटी रँडचं (रँड हे तिथलं चलन) काम दिलं, ती कंपनी आरोग्यमंत्री झ्वेली मखिझे यांच्या जवळच्या लोकांची असल्याचं पत्रकारांनी उघड केलं, विशेष तपास पथक मागे लागलं आणि ५ ऑगस्ट २०२१ ला मंत्र्यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी नाकारले. बीटा व्हेरियंट जगाला जाहीर करणारे मंत्री तेच, हे विसरू नका. आणि लस कंपन्यांशी केलेले करार तर सरकारने लोकांपासून लपवूनच ठेवले. हेल्थ जस्टिस इनिशिएटिव्ह ही संस्था माहितीच्या हक्काच्या कायद्याखाली कोर्टात गेली, १७ ऑगस्ट २०२३ ला प्रिटोरिया हायकोर्टाने करार उघड करा म्हणून आदेश दिला, आणि तेव्हा कुठे लोकांना अटी दिसल्या: परत न मिळणारी आगाऊ रक्कम, नुकसानभरपाईची जबाबदारी सरकारवर, निर्यात अडवायची नाही, आणि जॉन्सनच्या लशीला डोसमागे १० डॉलर, युरोपियन युनियनला पडलेल्या दरापेक्षा जास्त.

मग या सरकारवर विश्वास ठेवायचा की नाही? एका शब्दात उत्तर देताच येत नाही, आणि 'विश्वास ठेवा' किंवा 'ठेवू नका' म्हणणारे दोघंही तेच एका शब्दातलं उत्तर मागतात. साथीची खबर देण्यात हेच सरकार चोख निघालं आणि खरेदीच्या बाबतीत ते अंधारात वागलं. फरक कशाने पडला? माझ्या मते माणसं चांगली-वाईट असल्याने नाही. खबरीच्या बाबतीत सिक्वेन्सिंग करणारं जाळं विद्यापीठं, सरकारी लॅब आणि खासगी लॅब यांचं मिळून होतं, डेटा उघड्या डेटाबेसवर गेला, बोत्सवानात तेच स्वतंत्रपणे दिसत होतं, म्हणजे एखाद्या मंत्र्याने ठरवलं असतं तरी लपवणं सोपं नव्हतं. खरेदीच्या बाबतीत कागद तिजोरीत, गुप्ततेची अट, आणि बघायला कुणी नाही. जिथे बाहेरच्याला तपासता येत होतं तिथे सरकार खरं वागलं, जिथे येत नव्हतं तिथे पत्रकार आणि कोर्ट मागे लागेपर्यंत खरं बाहेर आलं नाही.

त्याच आठवड्यात पेरलेला करार

२९ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०२१, म्हणजे विमानं बंद होत होती त्याच दिवसांत, डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांची खास बैठक भरली आणि शेवटच्या दिवशी ठरलं की महामारीसाठी नवा करार लिहायचा. वाटाघाटींच्या मंडळाच्या दोन सहअध्यक्षांपैकी एक दक्षिण आफ्रिकेच्या प्रेशस मात्सोसो होत्या. साडेतीन वर्षं चाललं ते. मे २०२४ ची मुदत हुकली, त्या वेळी फक्त आयएचआरमधल्या दुरुस्त्या १ जूनला मंजूर झाल्या, आणि करार २० मे २०२५ ला झाला. आदल्या दिवशी समितीत स्लोव्हाकियाने मतदान मागितलं: बाजूने १२४, विरोधात एकही नाही, तटस्थ ११. अमेरिका जानेवारी २०२५ मध्येच डब्ल्यूएचओतून बाहेर पडायची नोटीस देऊन बसली होती, आणि जुलैमध्ये तिने आयएचआरच्या दुरुस्त्याही नाकारल्या.

सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर करारात स्पष्ट लिहिलंय की डब्ल्यूएचओच्या सचिवालयाला किंवा महासंचालकांना कुठल्याही देशाचे कायदे किंवा धोरण ठरवायचा अधिकार या करारातून मिळत नाही, प्रवासी अडवा किंवा येऊ द्या, लस सक्तीची करा, लॉकडाऊन लावा असं काहीही फर्मान त्यांना काढता येणार नाही. हे वाक्य तिथे का आलं? लोकांनी आरडाओरडा केला म्हणून. शंका काढणाऱ्यांना वेड्यात काढणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं की त्या दबावाने मजकूर जास्त स्पष्ट झाला. आणि शंका काढणाऱ्यांनीही आता तो मजकूर वाचायला हवा, कारण हे वाक्य छापलेलं असताना 'डब्ल्यूएचओ लॉकडाऊन लावणार' म्हणत राहणं म्हणजे लोकांना घाबरवणं आहे.

मला काळजी वेगळ्याच गोष्टींची वाटते. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशाने विषाणूची माहिती दिली तर बदल्यात काय, याचं उत्तर करारात थोडंफार आहे: माहितीच्या बदल्यात लाभ देण्याच्या व्यवस्थेत सामील होणाऱ्या कंपन्यांनी महामारीच्या काळात लस, औषधं, टेस्ट यांच्या उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंतचा वाटा डब्ल्यूएचओला द्यायचा, त्यात एकूण उत्पादनाचा निदान १० टक्के वाटा फुकट. पण याचे बारीकसारीक नियम करारात नाहीत, त्यासाठी वेगळं परिशिष्ट ठरवलं गेलं, ते मंजूर झाल्याशिवाय करार सहीसाठी उघडत नाही, आणि त्यानंतर ६० देशांनी दुजोरा दिल्यावर तो लागू होतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं वचन सगळ्यात शेवटी ठेवलं. आणि खबर देणाऱ्या देशावर कारण नसताना बंदी घातली तर पुढे काय, यावर दंड-शिक्षेसारखं नवं काहीच नाही. २०२४ च्या दुरुस्त्यांत अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला देशांची समिती आली, पण तिचं काम मदत आणि सल्ला एवढंच, दोष द्यायचा नाही की शिक्षा करायची नाही असं तिथेच लिहिलंय.

म्हणजे पुढच्या वेळी एखाद्या देशाच्या लॅबला रात्री विचित्र सिक्वेन्स दिसला तर त्या देशाच्या आरोग्यमंत्र्यापुढे २०२१ सारखंच गणित असणार: सांगितलं तर विमानं बंद, पर्यटन बुडालं, विरोधक तुटून पडले, दोन आठवडे थांबलो तर कदाचित दुसऱ्या कुणाला सापडेल आणि ठपका त्याच्यावर जाईल. ओमिक्रॉनच्या वेळी तिथल्या लोकांनी बरोबर निर्णय घेतला. सगळीकडे, सगळ्या वेळी तसेच लोक असतील यावर जगाची सुरक्षा टांगून ठेवायची हे मला धोक्याचं वाटतं. आणि असा निर्णय घेणाऱ्याला शिक्षा करणारं सरकार स्वतःच्या लोकांचाही घात करतं, कारण पुढची खबर उशिरा येते आणि उशिरा आलेल्या खबरीत मरणारे कुठल्याही देशाचे असू शकतात.

म्हणून सरकारवर विश्वास ठेवावा का या वादात मी आता कुठल्या गटात बसत नाही, मी एक मागणी धरून बसतो, आणि तिच्यासाठी नवा करार, नवी सही, परक्या अधिकाऱ्याला अधिकार असलं काहीच लागत नाही. कलम ४३ खाली जे कारण सरकारने ४८ तासांत डब्ल्यूएचओला द्यायचं असतं ते डब्ल्यूएचओ इतर देशांना कळवते, लोकांपुढे मांडायची सक्ती कुणावरच नाही. ते कारण त्याच दिवशी आपल्या संसदेत आणि आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर टाकावं: कुठल्या पुराव्यावर बंदी घातली, हेच देश का आणि ते का नाहीत, कधी फेरविचार करणार. दर दोन आठवड्यांनी तारीख टाकून अपडेट. लस खरेदीचे करारही तसेच, सही झाल्यावर ठरावीक मुदतीत, किंमत आणि अटींसकट. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या सरकारला ३० नोव्हेंबर २०२१ ला, नेदरलँड्सचे जुने नमुने बाहेर आले त्या दिवशी, हे लेखी द्यावं लागलं असतं तर 'बोत्सवाना यादीत आणि बेल्जियम नाही' याचं कारण त्यांनी काय लिहिलं असतं?

हा प्रश्न आपापल्या सरकारला आत्ताच, साथ नसताना विचारायला हवा. साथ आली की सगळे घाबरलेले असतात आणि घाईत घेतलेल्या निर्णयाची कारणं मागायला कुणाला सवड नसते.